पाच ते सहा

वाक्य अर्ध्यावर होतं आणि माझं लक्ष उजव्या मनगटाकडे गेलं. पाच वाजले होते. मी तोंड मिटलं. समोर बसलेला उंच मुलगा माझ्या उरलेल्या अर्ध्या वाक्याची वाट बघत होता, त्याच्या मागे पायऱ्यापायऱ्यांनी वर चढत गेलेल्या बाकांवर साठ जण वाट बघत होते, आणि कडेला, गुडघ्यावर वही पालथी ठेवून, सौदा शिकवणारे आमचे सर वाट बघत होते. भिंतीवरच्या घड्याळात साडेअकरा झाले होते. माझ्या मनगटावरचं घड्याळ अण्णांचं, घरच्या वेळेवर लावलेलं. हाताला ढिलं होतं म्हणून तापवलेल्या सुईनं पट्ट्याला एक जास्तीचं भोक पाडून घेतलेलं. इथले साडेबारा म्हणजे घरचे पाच, हे गणित गेले नऊ आठवडे देवाच्या नावासारखं माझ्या जिभेवर बसलं होतं. साडेबाराला सगळे जेवायला जातात. मी ग्रंथालयाच्या मागच्या जिन्यात जाऊन बसते, दीडला उठते, आणि त्या तासात मी बोलत नाही हे कोणाच्या गावीही नसतं. आज मात्र पाच साडेअकरालाच वाजले होते. दोन्ही घड्याळं चालू होती, दोन्हींचे सेकंदकाटे इमानेइतबारे पळत होते, आणि दोघांतलं कुणीतरी एक खोटं बोलत होतं. मग वाचून सोडून दिलेली एक सूचना आठवली, विद्यापीठाकडून रोज येणाऱ्या ढीगभर सूचनांतली: हिवाळा आला, शनिवारी झोपण्यापूर्वी सर्वांनी आपापली घड्याळं एक तास मागे घ्यावीत. माणसं शब्द मागे घेतात, तक्रार मागे घेतात, हे ठाऊक होतं. अख्ख्या मुलखानं मिळून एक तास मागे घ्यायचा, हे आमच्या सात पिढ्यांत कोणी ऐकलं नसेल. रविवारी मला नुसती दुपार लांबल्यासारखी वाटली होती, उपासाच्या दिवशी लांबते तशी, आणि मी तिचं काही कारण शोधलं नव्हतं.

मला पत्र्याचे डबे करणारा एक कारखाना विकायचा होता. कागदावरचाच, पण त्याच्या छपरापासून रखवालदारापर्यंत सगळी माहिती सरांनी दिली होती. उंच मुलगा घेणारा. "मग? तुमचा आकडा काय?" त्यानं विचारलं. मी त्याच्याकडे बघत राहिले. त्यानं कागद चाळले. "बरं, मी पाच टक्के वाढवतो." मी बघत राहिले. खिडकीतून आलेल्या उन्हाच्या पट्ट्यात धूळ अगदी सावकाश वर चढत होती, जणू तिलाही कुणी मागे घेत होतं. "जुन्या यंत्रांची दुरुस्ती आमच्याकडे लागली," तो म्हणाला, आणि त्याचे ओठ आधी हलले, आवाज मागाहून आला. मी एखाद्या टाक्याच्या तळाशी, पाण्याखालच्या पायरीवर बसले होते, आणि वरून कुणीतरी एकेक वस्तू खाली सोडत होतं: टक्के, यंत्रं, रखवालदाराची नोकरी. कोणीतरी फिसकन हसलं. "अहो, ही बोलतच नाही काही!" उंच मुलगा सरांकडे वळून म्हणाला आणि बसल्याजागी अजून दोन टक्के वाढवून मोकळा झाला. वर्ग खदखदला. सरांचा चेहरा असा खुलला की मला त्यांची दया आली. पहिल्याच दिवशी त्यांनी फळ्यावर लिहिलं होतं, सौद्यात जो आधी बोलतो तो हरतो; आणि इतक्या वर्षांत आपलं म्हणणं खरोखर मनावर घेणारी एक तरी विद्यार्थिनी मिळाली, असं त्यांना वाटत होतं.

"वा! थांबा, थांबा," ते उठत म्हणाले. "आता सांगा बघू. गप्प बसायचं कुठल्या क्षणी ठरवलंत? आणि का?" मी त्यांच्याकडे बघितलं. "सौदा संपला हो. आता बोलायला हरकत नाही." पुन्हा हशा. "मी विचारतोय," ते म्हणाले. मग हशा थांबला, वीज गेल्यावर पंखा थांबतो तसा, आधी हळू आणि मग एकदम. कागदावर लिहून देता आलं असतं; पण आईच्या लेखी लिहिणं म्हणजे हातानं बोलणंच. बाराला वर्ग सुटला. सर जवळ आले, आणि त्यांनी आवाज खाली घेतला तेव्हा मला कळलं की हा माणूस मुळात वाईट नाही. "युक्ती समजावून सांगता आली तर ती युक्ती. नाहीतर तो नुसता हट्ट. आज शून्य देतोय. गुरुवारी मधल्या सुट्टीनंतर सुरुवात तुम्ही करायची. तेव्हाही असंच झालं, तर माझ्या हातात काही उरत नाही, बरं का." मी मान हलवली. शंभरातले चाळीस गुण वर्गात बोलण्याचे. दोन शून्यं म्हणजे विषय गेला. हा विषय गेला की पुढच्या सत्राला प्रवेश नाही. आणि प्रवेश नसेल तर इथं राहायचा परवाना नाही. एकाखाली एक विटा रचल्यासारखं होतं ते. गुरुवारचा वर्ग लांब असतो, त्याची मधली सुट्टी अकरा पस्तीसला संपते. घरचे पाच वाजून पाच मिनिटं.

अण्णा फळबाजारात लिलाव पुकारायचे. दिवस उगवायच्या आधी निघायचे, आणि दुपारी परत यायचे तेव्हा त्यांचा आवाज बाजारातच विकून संपलेला असायचा. चिमूटभर उरलेला घरी यायचा. त्यात 'पाणी', 'वाढ' आणि 'पडतो जरा' एवढंच मावायचं. आई मिठाच्या कोमट पाण्याचा पेला न बोलता पुढे करायची. लहानपणी मला वाटायचं, सगळ्यांचेच वडील कुजबुजतात. मी सात वर्षांची असताना एकदा ते मला बरोबर घेऊन गेले. त्या कुजबुजणाऱ्या माणसानं एका उलट्या खोक्यावर पाय ठेवला, तोंड उघडलं, आणि त्यांचा आवाज पत्र्याच्या छपराला लागून खाली आला. ते ओरडत नव्हते, गातही नव्हते, दोन्हीच्या मधल्या एका वाटेनं चालले होते. "बघा, माल बघा, देठ हिरवा, आहे का कोणी, चाळीस, चाळीस एकवार, आहे का कोणी..." समोरच्या गर्दीत कोणाची भुवई वर जायची, कोणाचं बोट, कोणी नुसता आकडा पुटपुटायचा, आणि दर आकड्यासरशी अण्णा वीतभर उंच होत होते. खोक्यावरून उतरल्यावर त्यांनी मला एक फळ पुसून दिलं आणि परत कुजबुजत म्हणाले, "पुकारा एकट्याचा नसतो गं. समोरून बोली आली, की मग आवाजाला पाय फुटतात." मी फळ खात होते. रस कोपरापर्यंत ओघळला होता, तो मी जिभेनं पुसत होते. असली वाक्यं रस पुसता पुसता ऐकायची आणि वीस वर्षांनी परक्या मुलखातल्या वळचणीला उभं राहून आठवायची, हे बरं नव्हे.

पुढे बाजारात पडदे आले. आकडे पडद्यावर उमटायचे, आणि लोक त्याखाली मुकाट उभे राहायचे. अण्णांना कोपऱ्यातला एकच गाळा उरला. माझा इथला अर्ज त्यांनीच मागे लागून भरायला लावला. "तोंडाचा धंदा संपला. तू बिनतोंडाचा शिकून ये," म्हणाले, आणि आपल्याच बोलण्यावर खोकेपर्यंत हसले. प्रवेशाचं पत्र आलं, आणि त्यानंतर अकराव्या दिवशी अण्णा पुकारता पुकारता 'दोनवार' आणि 'तीनवार' यांच्या मध्ये थांबले. लोकांना वाटलं, भाव चढावा म्हणून थांबलेत. एकानं तर बोली वाढवलीसुद्धा. मग ते खोक्यावर बसले, आणि उजवी बाजू बसली ती बसलीच. सोमवारी वर्गात त्या उंच मुलानं दोन टक्के वाढवले तेव्हा मला जे ओळखीचं वाटलं ते हेच असावं. पण त्या वेळी मी पाण्याखाली होते.

वाचेचे व्यायाम शिकवायला एक बाई यायच्या. चित्रांचे पत्ते मांडायच्या: पेला, किल्ली, दार, झाड. अण्णांच्या ओठांवर शब्द यायचा आणि तिथंच अडायचा, उंबऱ्यात आलेल्या नव्या पाहुण्यासारखा. आणि मी त्याला आत ओढायची. ते 'पा' म्हणाले की मी म्हणायची, "पाणी? पाय? पान? पाठ चोळू का?" आई दुसऱ्या बाजूनं. आम्ही दोघी कोडं सोडवल्यासारख्या त्यांच्यावर तुटून पडायचो. एके दिवशी ते असेच 'पा' म्हणाले, मी आठ शब्द घडाघडा पुढे टाकले, आणि त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी काही हिसकावून घेतलं होतं. मग तोंड मिटलं ते आठ दिवस. खिडकीच्या गजावर पाखरू बसलं होतं, हे मी नंतर पाहिलं. बाई म्हणाल्या, "तुम्ही दोघी त्यांच्या तोंडचा घास काढून घेताय. रोज तासभर तरी त्यांना एकट्याला बोलू द्या." डॉक्टरांनी सांगितलेलं औषध आईनं आजवर कधी वेळेवर दिलं असेल तर शपथ, पण हे तिनं देवापुढे हात जोडून घेतलं. पाच ते सहा. त्या तासात घरात बोलतील ते फक्त अण्णा. हो म्हणायचं नाही, नाही म्हणायचं नाही, हुंकार नाही. फारच अडलं तर बोटानं टकटक, तेही आपसांत. मी निघाले तेव्हा ती माझ्या पिशवीत रुमाल कोंबत म्हणाली, "तूही पाळ हं तिकडे. घरात तिघंच आपण. एकीनं सोडला तर नेम अर्धा राहील." मी विचारलं, "आणि तिकडे अडचण आली तर? थोडा पुढेमागे?" आई हळू बोलते, पण तिचं हळू बोलणं भिंतीसारखं असतं. "नेम सोयीनं हलवला की त्याचं वेळापत्रक होतं," ती म्हणाली.

मी आल्यापासून अण्णांनी तीन शब्द काढले होते. 'दार.' 'नको.' 'ऊन.' एकेक शब्द आईनं फोनवर जन्माची बातमी सांगावी तसा सांगितला होता. हे कुणापुढे म्हणण्यासारखं नाही, पण मी मनात धरून चालले होते की ते तीन शब्द माझ्या जिन्यातल्या तासांनी आणलेत. मी इथं गप्प बसते, तेवढी जागा तिथं त्यांच्यासाठी रिकामी होते. आणि गुरुवारी पाच वाजून पाच मिनिटांनी मी तोंड उघडलं, तर तीनातला एक परत जाईल. कुठला जाईल, तेही मी रस्त्यानं चालताना ठरवत होते. 'नको' गेला तर चालेल का? पण 'नको'शिवाय माणसाचं पानही हलत नाही. 'ऊन' जाऊ दे म्हणावं, तर आईनं सांगितलं होतं, ते म्हणताना अण्णा हसले होते.

मंगळवारी मी विद्यार्थ्यांच्या कचेरीत गेले. तिथल्या बाईंचा चष्मा साखळीनं गळ्यात लोंबत असतो आणि त्या माणसाकडे बघण्याआधी तो डोळ्यांवर चढवतात, म्हणजे आपण त्यांच्यासाठी एकदम उगवतो. धार्मिक कारणासाठी सवलत मिळते, त्याचा एक अर्ज असतो. "सणाचं नाव?" त्यांनी विचारलं. "सण नाही," मी म्हटलं. "मग उपास? तारीख काय?" "रोज." "रोजचा सण?" त्या चेष्टा करत नव्हत्या, खरोखरच कुठल्या चौकोनात खूण करावी हे शोधत होत्या. "आजाराचा दाखला आहे?" "आजार मला नाही." "मग तुमचं नेमकं आहे तरी काय?" "वडिलांचं बोलणं," मी म्हणाले, आणि ते दोन शब्द त्या काचेच्या खिडकीत इतके लहान दिसले की मीच ते उचलून घेतले आणि बाहेर पडले. बाहेर चारलाच दिवे लागले होते. तो मागे घेतलेला तास कुठं ठेवतात, असं मला वाटत राहिलं. मुलखातल्या सगळ्यांचे तास एकावर एक रचलेली एखादी वखार असेल. तिथं खूप शांत असेल. कुणाच्या स्वयंपाकाचा तास, कुणाच्या भांडणाचा, झोपेचा. आणि माझा कुठल्या फळीवर असेल, त्याच्यावर काय लिहिलं असेल. वसंतात सगळ्यांना आपापला परत देतात म्हणे. बदलून आला तर कळायचं कसं?

माझ्या खोलीतल्या मैत्रिणीला आम्ही यादीवाली म्हणतो, कारण ती दात घासण्याचीही यादी करून भिंतीला चिकटवते. तिनं बिछान्यावर मांडी घालून सगळं ऐकलं आणि कागद घेतला. "हे बघ, एक: सरांना खरं सांग. दोन: तास पुढे ढकल. तीन: गुरुवारी आजारी पड." "खोटं आजारी?" "बरं, तीन खोडला. पण दोनला काय झालंय? देवाला एका तासाचा फरक कळत नाही होय? त्याच्याकडे काय भिंतीवर घड्याळ टांगलंय?" "देवाला कळेल गं. अण्णांना नाही कळणार." तिनं कागद मांडीवर ठेवला. "आणि तू नापास होऊन घरी गेलीस, तर ते अण्णांना कळेल?" तिनं हे टोमणा मारायला म्हटलं नव्हतं. मग तिनं चौथा आकडा काढला आणि पुढे काही लिहिलं नाही; माझ्याच हातात कागद देऊन ती दिवा मालवून भिंतीकडे तोंड करून झोपली. मी 'चार' हा आकडा बराच वेळ अंधारात हातात धरून होते. झोपेत मी पत्र्याच्या डब्यांचा कारखाना चालवत होते, आणि प्रत्येक डब्यावर झाकण बसलं की आतून कोणीतरी हळूच टकटक करत होतं.

बुधवारी घरच्या सकाळी आईला फोन केला. मला एवढंच म्हणायचं होतं, उद्याच्या दिवस अर्धा तास सोड. पण आई बोलायला लागली की मध्ये शिरायला फट सापडत नाही. दिवसाचा एक तास तोंड बांधून ठेवलं की उरलेले तेवीस असे फुटतात. "जेवलीस का? काय जेवलीस? नुसता पाव नको खाऊस. इकडे सगळं ठीक. पाय चोळायला येतो तो म्हणतो, आता दोन पावलं टाकायलाच हवीत, नाहीतर गुडघे धरतील. पण तुझे अण्णा खुर्ची सोडतील तर शप्पथ. गुळाला मुंगळा चिकटावा तसे चिकटलेत. मी म्हटलं, अहो, त्या खुर्चीशीच लग्न लावायचं होतंत, मला कशाला आणलंत!" "आणि बोलणं?" मी विचारलं. "बोलणं कसलं गं. चित्रांकडे ढुंकून बघत नाहीत. पाच वाजले की बसल्याजागी काहीबाही पुटपुटतात. परवा तांब्याकडे बघून आकडे म्हणत होते. म्हणतात, थांबतात, आमच्या तोंडाकडे बघतात. माझ्या, नि बाई आल्या असतील तर बाईंच्या. मला हो म्हणता येत नाही की नाही म्हणता येत नाही. नेम आहे ना. मग आपणच गप्प होतात. तू का फोन केलास? आवाज बारीक येतोय तुझा." मी म्हटलं, "काही नाही, सहज." फोन ठेवल्यावर, एव्हाना भिंतीला चिकटलेल्या त्या कागदावरून, मैत्रिणीचा पहिला आकडा माझ्याकडे बघत होता.

गुरुवारी मी सगळ्यात पुढे, दारापाशी ठेवलेल्या खुर्चीवर बसले. पहिला तासभर मला शब्द दिसत होते, ऐकू येत नव्हते. सरांच्या वहीची कड, उंच मुलाच्या बुटाची सुटलेली नाडी, खिडकीवर अडकलेलं एक पिवळं पान, सगळं फार जवळ आणि फार स्वच्छ होतं, ताप उतरल्यावर असतं तसं. अकरा पंचवीसला सुट्टी झाली. माझ्या मनगटावर पाचाला पाच कमी होते. मी धावतच जिन्यात गेले आणि आईला फोन लावला. पाच मिनिटं हातात होती. एवढ्यात ती हो म्हणू शकत होती, नाही म्हणू शकत होती, भिंत होऊ शकत होती, काहीही चाललं असतं. लागेना. पुन्हा लावला. रिंग वाजत राहिली. माझ्या डोळ्यांसमोर काटा बाराला जाऊन टेकला, आणि त्याच क्षणी तिकडून फोन उचलला गेला. आईचा श्वास ऐकू आला. मग बोटानं दोनदा टकटक. मी आहे गं, पण आता नाही. मीही माझ्या फोनवर दोनदा वाजवलं. बोलून उपयोग नव्हता. ती ऐकणार होती, पण उत्तर देणार नव्हती, आणि माझेही पाच वाजलेच होते. आता ठेवावा, असं मनात आलं. आईनं तो तसाच मांडीवर ठेवला असावा. तिला वाटलं असेल, पोर दमलीय, ऐकू दे घर. पंख्याचा आवाज आला. लांब कुठंतरी भांडं. इतक्या दिवसांत पाच ते सहामधलं आमचं घर मी एकदाही ऐकलं नव्हतं, हे तेव्हा लक्षात आलं; मी नेहमी इथं बसून ते मनानं रचत होते, आणि माझ्या त्या घरात अण्णा 'पेला' म्हणत, 'झाड' म्हणत.

मग अण्णांचा आवाज आला. गंजलेल्या बिजागरीसारखा. "बघा... बघा..." थांबला. "चार... चार पाय." पुन्हा थांबला. शब्द मोडके होते, मधले कितीतरी गळाले होते, पण त्यांना बांधणारी चाल सगळीच्या सगळी शाबूत होती. तीच, छपराला लागून खाली येणारी. "पाठ... पाठ धड. आहे... आहे का कोणी?" मी कठड्याला धरलं. "आहे का कोणी?" ते खुर्ची विकत होते. परवा तांब्या विकत होते. रोज पाच वाजता, आम्ही दोघींनी तोंडं बांधून मोकळ्या केलेल्या त्या तासात, अण्णा खोक्यावर पाय ठेवत होते, माल पुकारत होते, समोरच्या तोंडांकडे बघत होते. आणि समोरून भुवई नाही, बोट नाही, आकडा नाही. आम्ही किती भक्तिभावानं गप्प होतो. त्यांचा शब्द आम्ही पुरा करायचा नव्हता, हे खरं होतं. पण ते पुरा करायला मागतच नव्हते. गिऱ्हाईक मागत होते. "आहे... का..." आवाज उतरणीला लागला. आता ते आपणच गप्प होतील, हे आई म्हणाली होती ते. त्या एका क्षणात माझ्या मनात सर नव्हते, परवाना नव्हता. देवाचं नाव मात्र होतं. मी ते घेतलं, आणि त्याच श्वासात मोठ्यानं म्हणाले, "चाळीस!"

जिन्यात माझा आवाज चार मजले चढून गेला. तिकडे काहीच नाही. पंखासुद्धा थांबला असं वाटलं. नेम मोडला की आत काहीतरी तडकेल, असं मी धरून होते. तसं काही झालं नाही. मग, "चा..." अण्णा म्हणाले. मी दात दाबून धरले. "चा... चाळीस. चाळीस एकवार." आवाज वीतभर उंच झाला होता. "चाळीस दोनवार. आहे का कोणी?" आणि तेव्हा, इतक्या जवळून की मी दचकले, आईचा आवाज आला. थंड फरशीवर पाऊल टाकावं तसा, हळू. "पंचेचाळीस." मला रडू आलं आणि हसूही आलं. "पन्नास," मी म्हटलं. "पंचावन्न," आई म्हणाली, आणि तिचं हळू बोलणं आता भिंतीसारखं नव्हतं, चुरशीचं होतं. "साठ!" "पासष्ट. आणि तू आता पुढे जाऊ नकोस हं, उगाच चढवतेयस." अण्णा हसले. ओठांची उजवी बाजू साथ देत नसणार, कारण हसू एका बाजूनं सांडल्यासारखं येत होतं. "पासष्ट... एकवार. पासष्ट... दोनवार." आणि थांबले.

तिथंच थांबले, जिथं त्या दिवशी थांबले होते. "ती..." मला शब्द माहीत होता. आईला माहीत होता. बाजारातल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतो. तो माझ्या जिभेच्या टोकावर येऊन बसला, आणि मी बोटं ओठांवर दाबली. पलीकडे आईनंही तेच केलं असणार. तिच्या बांगडीचा आवाज आला आणि थांबला. जिन्याच्या खिडकीतून ऊन माझ्या बुटांवर पडलं होतं. ते किती वेळ तिथं होतं, सांगता येणार नाही. मागे घेतलेला तो सगळा तासच बहुधा त्या एका अक्षरावर उभा होता. "ती..." आम्ही दोघी गप्प. नेम इतक्या दिवसांत पहिल्यांदाच खरा पाळला जात होता.

"तीनवार!"

"घेतली," आई म्हणाली. तिचा आवाज भरून आला होता, पण ती त्याला बधली नाही. "आता उठा बघू. माझ्या खुर्चीत बसलाय तुम्ही." मग काठी जमिनीला टेकल्याचा ठक्क. मग खुर्चीचे चारी पाय फरशीवरून करकरत मागे सरकले. "हां... हां... मी धरलंय," आई म्हणत होती, आणि मग मला म्हणाली, "ठेव गं तू. मला दोन्ही हात लागताहेत."

वर्गात पोचले तेव्हा भिंतीवर अकरा अडतीस झाले होते. सगळे आपापल्या जागी होते. उंच मुलानं मला बघून डोक्याला हात लावला, पुन्हा तीच, असं. यादीवाली मागच्या रांगेतून माझ्याकडे डोळे फाडून बघत होती. सरांनी वही उघडली, पेनाचं टोपण काढलं, माझ्या नावापुढे ते टेकवलं आणि तसंच धरून ठेवलं. "तर मग," ते म्हणाले, "आज ऐकायला मिळणार का आम्हाला?" माझ्या मनगटावर पाच वाजून आठ मिनिटं झाली होती. तो खुर्चीचा आवाज अजून कानात होता, अण्णांचं एक पाऊल झालं असेल, कदाचित दुसरं. इथं वर्गात सगळे बसूनच बोलतात. मी खुर्ची मागे सारली आणि उभी राहिले.

"आकडा सांगते," मी म्हटलं, "पण समोरून कोणीतरी बोललं पाहिजे."